ध्रुवतारा इमारतीआड गेला असेल तर

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या गच्चीवर मी सरकत्या छपराची लहानशी वेधशाळा बांधली आहे. तीत ८० मिलिमीटर व्यासाची व ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर) दुर्बीण, विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवणारा आधार) आणि डीएसएलआर कॅमेरा आहे. मृगातील तेजोमेघाचे पाच मिनिटांचे छायाचित्र घेतले, की तारे लांबट येतात आणि पार्श्वभूमी नारिंगी होते. उत्तरेला नवी इमारत झाल्यापासून ध्रुवताराही दिसत नाही. मोठी दुर्बीण घ्यावी काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तूर्त घेऊ नये. नाभीय अंतर वाढले, की माउंटच्या गतीतील प्रत्येक चूक त्याच प्रमाणात मोठी दिसते. आज लांबट येणारे तारे मग सरळ रेघा होतील. आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा माउंटच्या अक्षात आहे. तो ध्रुवताऱ्याजवळच्या खगोलीय ध्रुवाकडे नेमका रोखलेला असावा लागतो. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहूनही खाली असतो, त्यामुळे शेजारची चार मजली इमारतही त्याला सहज झाकते.

सुदैवाने अक्ष जुळवण्यासाठी ध्रुवतारा दिसलाच पाहिजे असे नाही. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत उत्तरेकडचा तारा खगोलीय विषुववृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वरच्या आकाशातील रेषेला, जवळजवळ चिकटून आहे. तो याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर आला, की आडव्या-उभ्या तारांची फुली असलेल्या नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) मधोमध धरावा आणि माउंट चालू ठेवून पाच मिनिटे पाहत राहावे. तो पूर्व-पश्चिम हलला तर तिकडे दुर्लक्ष करावे, कारण तो दोष दातेरी चक्रांचा असतो. मात्र तारा दक्षिणेकडे सरकत असेल तर अक्षाचे उत्तर टोक पूर्वेला कललेले आहे आणि उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेला, असे समजून माउंट आडवा फिरवावा. हाच तारा डिसेंबरात संध्याकाळी पूर्वेला वीसेक अंश वर आलेला असताना पाहिला, तर अक्षाची उंची तपासता येते: दक्षिणेकडे सरकणे म्हणजे अक्ष खाली, उत्तरेकडे सरकणे म्हणजे वर. छायाचित्रातील तारे ओळखून अक्ष दाखवणारी सॉफ्टवेअर आता मिळतात आणि ती खुशाल वापरावीत. परंतु एकदा तरी हे काम डोळ्यांनी केलेले बरे, कारण त्याशिवाय माउंटचा स्वभाव कळत नाही.

दुर्बिणीचा खांब गच्चीवर नेमका कुठे उभा आहे, हे आपण लिहिलेले नाही. तो स्लॅबच्या मध्यभागी असेल तर माणूस चालला तरी स्लॅब किंचित लवतो. वीस सेकंदांचे छायाचित्र चालू असताना घरातील कोणालातरी खांबाभोवती एक फेरी मारायला सांगावे. तारा वाकडातिकडा उमटला, तर खांब खालच्या कॉलमच्या डोक्यावर हलवावा आणि वेधशाळेची फळ्यांची जमीन त्याला कुठेही टेकू देऊ नये.

नारिंगी पार्श्वभूमी हा रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड आहे. शहराच्या आकाशात पाच मिनिटांच्या एका छायाचित्रापेक्षा प्रत्येकी एक मिनिटाची शंभर-दोनशे छायाचित्रे घेऊन ती सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करावीत. उजेडाचा रंग नंतर वजा करता येतो, पण त्याने आणलेला दाणेदारपणा वजा होत नाही, तो केवळ एकूण वेळ वाढवूनच कमी होतो. निम्मा करायचा तर चौपट वेळ लागतो. तेजोमेघाचा गाभा एका मिनिटातही पांढराफटक पडतो, म्हणून दहा सेकंदांची थोडी छायाचित्रे वेगळी घ्यावीत. ६५६ आणि ५०१ नॅनोमीटरचाच प्रकाश आत सोडणारा दुपट्टी फिल्टर मृगाच्या तेजोमेघासाठी उत्तम आहे, परंतु देवयानी दीर्घिकेसाठी तो घेऊ नये. दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो, आणि फिल्टर त्यातला बहुतेक भाग अडवून ठेवील.

प्रश्न : पावसाळ्यात दुर्बीण वेधशाळेतच झाकून ठेवली तर चालेल काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते आणि भिंगावर बुरशीचे जाळे धरते, जे पुसूनही काचेवर व्रण ठेवते. दुर्बीण आणि कॅमेरा जूनपूर्वी घरात आणून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावेत. जेल महिन्यातून एकदा तापवून पुन्हा कोरडे करावे. माउंट मात्र जड असल्याने जागेवर राहिला तरी चालेल. त्याची वीजजोडणी तेवढी काढून ठेवावी.