कानातली शिटी आणि बंद पडलेला माग

‘कानातला हा आवाज जाणार कधी?’ कान वाजतात म्हणून समुपदेशनाला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला कुकरची शिटी, कुणाला लांबवर चाललेली पिठाची गिरणी. कानाच्या डॉक्टरांकडे तपासण्या झालेल्या असतात, गंभीर काही निघालेलं नसतं आणि ‘आता सवय करून घ्या’ एवढं ऐकून माणूस बाहेर पडलेला असतो. सल्ला चुकीचा नाही. पण सवय करायची म्हणजे सकाळी उठल्यापासून नेमकं काय करायचं, ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यासाठी एका काकांची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका इचलकरंजीचे, वय 58. यंत्रमागाच्या कारखान्यात 30 वर्षं जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे. आठ महिन्यांपासून दोन्ही कानांत बारीक शिटी. झोप जेमतेम तीन तास. काकूंनी सांगितलं, “मधेच टीव्ही बंद करत्यात आणि कान देऊन बसत्यात, आवाज हाय का गेला बघायला.” काका मान खाली घालून म्हणाले, “डोक्यात कायतरी फुटंल असं वाटतंय मॅडम. येड लागंल का हो?”

वेड लागत नाही, हे आधी स्वच्छ सांगितलं. मग श्रवण तपासणीचा आलेख समोर ठेवला. 4000 हर्ट्झजवळ, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, रेषा खाली घसरली होती. गोंगाटात वर्षं काढलेल्या कानांची ही ठरलेली खूण. आतल्या कानात जन्मतः आवाज टिपणाऱ्या साधारण 15,000 केसपेशी असतात. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिथून मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण झाला, की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवतो. रेडिओचं स्टेशन नीट लागत नसलं की आपण बटण पिळतो आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसंच. ही खरखर म्हणजे ती शिटी. मोजायला गेलं तर बहुतेकांत ती ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा जेमतेम 5 ते 10 डेसिबल वर असते. म्हणजे कुजबुजीहूनही हळू.

काकांना हे पटलं नाही. “मग एवढा त्रास कशाचा?”

तिसऱ्या भेटीत मी त्यांना कारखान्याबद्दल विचारलं. त्या गोंगाटात रात्रपाळी कशी काढायचात?

“बाकड्यावर डोळा लागायचा की. चोवीस माग खडखडत असले तरी.”

“आणि जाग कशानं यायची?”

“एखादा माग बंद पडला की. न्हाईतर धोट्याचा, आडवा धागा नेणाऱ्या त्या नळीचा, आवाज बदलला की. लगेच उठून बसायचो.”

बोलता बोलता ते थांबले. बराच वेळ गप्प होते. त्यांना तिथे मुद्दाम काही सुचवलं नाही. अशा क्षणी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं, हे मला फार उशिरा जमू लागलं. मग तेच हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे ही शिटी मला बंद पडलेला माग वाटतीया.”

सगळा उपचार या एका वाक्यात होता. चोवीस मागांचा दणका मेंदूने ‘कामाचा नाही’ म्हणून बाजूला सारला होता, कारण त्यात धोका नव्हता. धोका होता तो बदललेल्या आवाजात. शिटी सुरू झाली, तिला ‘काहीतरी बिघडलं’ अशी चिठ्ठी चिकटली आणि आतला जॉबर रात्रंदिवस पहाऱ्यावर बसला. त्रास त्या पहाऱ्याचा होता. शिटी आपल्या हातात नाही, चिठ्ठी आहे. माझा कल विचार आणि वागणूक बदलणाऱ्या उपचाराकडे आहे, आणि या तक्रारीत सर्वांत भक्कम पुरावाही त्याचाच आहे. त्याने आवाज लहान होतो असा दावा नाही. त्रास कमी होतो, झोप परत येते.

पहिलं काम, कानातले कापसाचे बोळे काढणं. शांतता हवी म्हणून काका ते घालत होते आणि तिथेच फसत होते. 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी नीट ऐकू येणाऱ्या 80 जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत पाच मिनिटं बसवलं, तेव्हा 94 टक्के लोकांना कानात किंवा डोक्यात काही ना काही ऐकू आलं. निरोगी कानाचं हे, तर काकांचं काय होणार? म्हणून झोपताना पंखा किंवा पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, उशीपासून दोन-तीन फुटांवर, रात्रभर. आवाज किती ठेवायचा इथे बहुतेक जण चुकतात. शिटी पूर्ण बुडेल इतका मोठा ठेवला तर मेंदूला तिची सवय करायला संधीच मिळत नाही, कारण जे ऐकूच येत नाही त्याची सवय कशी होणार? शिटी किंचित ऐकू येत राहील आणि दुसऱ्या आवाजात मिसळेल, एवढाच ठेवायचा.

दुसरं, वही. आवाज आज किती मोठा होता हे लिहायचं नाही; ते लिहायला पुन्हा कान द्यावा लागतो. मुद्दाम कान देऊन किती वेळा तपासलं, तेवढ्या रेघा ओढायच्या. पहिल्या आठवड्यात रोज चाळीसच्या वर रेघा होत्या. तपासायची हुक्की आली की काका स्वतःला म्हणत, “माग चालू हाय,” आणि हातातलं काम पुढे नेत. हे शब्द त्यांचेच. माझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त उपयोगी पडले. सहा आठवड्यांनी रेघा पाच-सहावर आल्या.

श्रवणयंत्राला मात्र त्यांचा विरोध होता. “मला ऐकू येतंय, लोकच पुटपुटत्यात.” स, त, क यांसारखे वर्ण उंच पट्टीतले, तेच आधी निसटतात आणि माणसं पुटपुटल्यासारखी वाटतात. शेवटी दोन्ही कानांना यंत्रं लावली, आधी दिवसाला दोन तास, तीन आठवड्यांत आठ तासांपर्यंत. बाहेरचं जग कानात परत आलं की शिटीचा वाटा आपोआप घटतो. झोपेसाठी उठायची वेळ पक्की, साडेपाच. अंथरुणात वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून बसायचं, झोप आली की परत जायचं. चहा सोडायला लावला नाही. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिनच्या गोळ्यांवर पैसे घालू नका असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत आहे, तेवढं दाखवलं. कानात तेल तर मुळीच नाही. पडद्याला भोक असेल तर संसर्ग आत जातो.

हे सगळं डॉक्टरांच्या तपासणीनंतरचं. कधी नुसता मळ अडकलेला असतो आणि तो काढला की प्रश्न मिटतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यावर धडधडत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर समुपदेशकाकडे आधी येऊ नका. अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा; पहिले तीन दिवस फार मोलाचे. अ‍ॅमिकॅसिनसारखी जंतुसंसर्गावरची इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, जास्त मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन यांनीही कान वाजतात, पण औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि जगणं नको वाटू लागलं असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता 14416 वर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीला फोन करा. दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात.

आठ भेटी तीन महिन्यांत झाल्या. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, शिटी वाढली होती. सर्दी, जागरण, मोठा आवाज यांनी ती काही दिवस उसळते. रात्रीचा पंखा आणि वही तशीच चालू ठेवायला सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन केला, तो पुतण्यासाठी. तो ढोल-ताशा पथकात वाजवतो, त्याला कानात घालायला कोणते प्लग घ्यावेत? 85 डेसिबलचा आवाज कानाला दिवसाला आठ तास चालतो, दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, हे सांगितल्यावर “मग सरावालाबी घालायला सांगतो” म्हणाले. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारून तो फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटाने धरून ठेवायचा. आणि वाजवून झालं की लगेच काढायचा, हे काकांनी स्वतःच जोडलं.