सायलेन्सर बदलला की ताकद का बदलते?

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. आरएक्स १०० ला शर्यतीचा सायलेन्सर बसवला की गाडी वरच्या वेगात सुसाट सुटते, पण गावातल्या गर्दीत मात्र ओढत नाही. असे का होते? हे तंत्र एका जर्मन अभियंत्याने घडवले, हे खरे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. वाल्टर काडेन (१९१९–१९९६) हे त्यांचे नाव. युद्धकाळात क्षेपणास्त्रांच्या कामावर असलेले काडेन १९५३ मध्ये पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ येथे, पुढे एमझेड म्हणून ओळखल्या गेलेल्या मोटारसायकल कारखान्याच्या शर्यत विभागाचे प्रमुख झाले. शर्यतीच्या सायलेन्सरमागची, म्हणजे मधोमध फुगीर एक्झॉस्ट नळीची, कल्पना त्यांच्याआधी एरिक वोल्फ यांनी वापरली होती. काडेन यांनी मात्र ऑसिलोस्कोप (लहरींचा आलेख पडद्यावर दाखवणारे उपकरण) लावून नळीतल्या दाबलहरी अभ्यासल्या आणि अंदाजाच्या जागी मोजमाप आणले.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर पडत असतानाच हवा-पेट्रोलचे ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले काही वायाही जाते. नळी जिथे रुंदावत जाते तिथून परतणारी लहर सिलिंडरमधील वायू ओढून घेते, तर पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या भागावरून परतणारी लहर निसटलेले मिश्रण, एक्झॉस्टचे तोंड मिटण्याच्या आत, पुन्हा आत ढकलते. लहरीचा जाण्यायेण्याचा वेळ नळीच्या लांबीने ठरतो, त्यामुळे हा मेळ इंजिनाच्या फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच बसतो. महाद्वार रोडच्या गर्दीत इंजिन मंद फिरत असताना तीच लहर फार लवकर परतते आणि जळका वायूच आत लोटते. तुमची तक्रार नेमकी हीच आहे. (नुसता आवाज वाढवण्यासाठी आतले भाग कापून काढणाऱ्यांना तर ही परतणारी लहरही धड मिळत नाही.)

रोटरी डिस्क व्हॉल्व्हची (मिश्रण आत सोडणाऱ्या फिरत्या चकतीची) जोड देऊन काडेन यांनी १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती काढली, म्हणजे लिटरमागे २००. सुपरचार्जरविना तोवर कोणालाही हे साधले नव्हते. त्याच वर्षी जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेले त्यांचे स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीत इंजिन बिघडल्यावर पश्चिमेकडे पळाले आणि हे ज्ञान सोबत घेऊन सुझुकीकडे गेले. १९६२ मध्ये सुझुकीने डेग्नरांसह ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद जिंकले; काडेन यांच्या एमझेडला ते कधीच मिळाले नाही. माझ्या मते तिथे कमी पडला तो पैसा, डोके नव्हे.