वाचकांचे प्रश्न : डोळ्यांनी पाहिलेले खग्रास आणि कॅमेऱ्यात उमटलेले खग्रास

प्रश्न : ८ एप्रिल २०२४ रोजी मी मुलीकडे अमेरिकेत, इंडियानापोलिस येथे होतो आणि आयुष्यात प्रथमच खग्रास सूर्यग्रहण पाहिले. काळ्या चंद्राभोवती मोत्यासारखे तेज आणि खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका दिसत होता. माझ्या मोबाइलमध्ये मात्र केवळ पांढरा गोळा उमटला. पुढे पाहण्यात आलेल्या काही छायाचित्रांत तर किरणांचे असंख्य धागे आणि चंद्रावरचे डागही दिसतात. यांतले खरे कोणते?

उत्तर : तिन्ही खरी आहेत, प्रकाशाचा हिशेब तेवढा प्रत्येकाने आपापल्या रीतीने मांडला आहे. सूर्याचे प्रभाकिरीट (कोरोना, म्हणजे सूर्याभोवतीचे फिकट तेजोवलय) चंद्राच्या कडेलगत सूर्यबिंबाच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतके तेजस्वी असते आणि तेथून दोन सूर्यत्रिज्या बाहेर गेल्यावर ते आणखी सुमारे हजारपट मंद होते. नेहमीच्या छायाचित्रात संपूर्ण चौकटीला एकच एक्स्पोजर (प्रकाश आत घेण्याचा अवधी) मिळत असल्यामुळे एवढी मोठी तफावत त्यात मावत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेल्या चित्रात कडेच्या सौरज्वाला (सूर्यावरून उसळलेले तप्त वायूचे झोत) रेखीव येतात, पण बाहेरचे किरीट नाहीसे होते. तेच एक्स्पोजर एक-दोन सेकंदांचे ठेवले, तर लांबचे किरण उमटतात आणि आतला भाग पांढराफटक होऊन जातो.

डोळ्याचे काम असे एका झटक्यात उरकत नाही. दृष्टिपटलाचा प्रत्येक भाग आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाशी बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे जुळवून घेतो, नजर क्षणाक्षणाला जागा बदलते, आणि तेजातील फरक आपल्याला साधारणपणे पटीच्या हिशेबाने जाणवतो. त्यामुळे कडेचा गुलाबी ठिपका आणि बाहेरचा फिकट झोत तुम्हाला एकाच दृश्यात दिसू शकले. तो ठिपका म्हणजे सौरज्वाला होय. तिच्यातील हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात त्याचाच थोडा निळा प्रकाश मिसळला की डोळ्याला गुलाबी छटा दिसते. कॅमेऱ्यात प्रकाश जास्त साठला की तीच ज्वाला पांढरी पडते.

तुमच्या मोबाइलची अडचण आणखी साधी आहे. आकाशात सूर्य जेमतेम अर्धा अंश रुंद असतो आणि भिंगाने पाडलेल्या त्याच्या प्रतिमेचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) सुमारे एकशेदहाव्या भागाइतका असतो. मोबाइलच्या मुख्य भिंगाचे हे अंतर पाच-सात मिलिमीटर धरले, तर प्रतिमा मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास येते. त्यातच अंधारलेले आकाश पाहून यंत्र आपणहून एक्स्पोजर वाढवते, म्हणजे मुळात इवलेसे असलेले बिंब किरिटाच्या फुगलेल्या उजेडात बुडून जाते.

धागेदोरे दाखवणारी छायाचित्रे एका क्षणाची नसतात. चेक गणितज्ञ मिलोस्लाव्ह द्रुकम्युलर यांच्यासारखे अभ्यासक निरनिराळ्या एक्स्पोजरची अनेक छायाचित्रे अचूक जुळवतात आणि गणिती प्रक्रियेने बारीक फरक उठावदार करतात. चंद्रावरचे डागही खोटे नव्हेत. पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या उजेडात ते दीर्घ एक्स्पोजरमध्ये उमटतात, पण किरिटाच्या शेजारी डोळ्याला सहसा जाणवत नाहीत. अशा चित्राकडे देखाव्यापेक्षा नकाशा म्हणून पाहावे, असे मला वाटते.

छायाचित्रण येण्यापूर्वी या नकाशाचे काम हातावर अवलंबून होते, आणि एकाच ग्रहणात वेगवेगळ्या निरीक्षकांनी रेखाटलेली किरिटे एकमेकांशी जुळत नसत. २८ जुलै १८५१ रोजी कोनिग्सबर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राद) येथे छायाचित्रकार बेर्कोव्स्की यांनी खग्रास अवस्थेचे पहिले यशस्वी छायाचित्र घेतले. सौरज्वाला चंद्राच्या की सूर्याच्या, हा वाद तर १८६० च्या स्पेनमधील ग्रहणात वॉरन डी ला र्‍यू आणि अँजेलो सेकी या खगोल-अभ्यासकांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांनी मिटवला; त्या सूर्याच्याच ठरल्या. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात ब्रिटिश खगोल-अभ्यासक ॲनी माँडर यांनी आजच्या महाराष्ट्रातील तळणी येथून, लहान कॅमेऱ्याने, किरिटाचा एक विलक्षण लांब झोत टिपला होता, हे आपल्या वाचकांना आवडावे. त्याच ग्रहणासाठी, हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले होते. त्या शोधाशी मात्र या भेटीचा संबंध जोडू नये; ती गोष्ट तीस वर्षे आधीची आहे.

प्रश्न : खंडग्रास ग्रहण कॅमेऱ्यातून पाहिले, तर चष्मा लागत नाही, हे बरोबर आहे का?

उत्तर : कॅमेऱ्याच्या पडद्यावरील चित्र पाहण्यास हरकत नाही, कारण तो उजेड पडद्याचा असतो, मात्र भिंगासमोर सौर फिल्टर नसेल, तर कॅमेऱ्याला इजा होऊ शकते. ज्या कॅमेऱ्यात आरशाद्वारे थेट भिंगातून पाहावे लागते, त्याला फिल्टर नसताना डोळा लावणे अत्यंत धोक्याचे आहे, आणि ग्रहणाचा चष्मा घालून तसे पाहणेही तितकेच वाईट, कारण भिंगाने एकवटलेला प्रकाश चष्म्याची फिल्म जाळू शकतो. फिल्टर नेहमी भिंगाच्या पुढे, सूर्याच्या बाजूला बसवावा. सूर्य नव्याण्णव टक्के झाकला तरी उरलेल्या कोरीचे तेज नेहमीइतकेच प्रखर असते, आणि दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्यामुळे इजा होत असल्याचे त्या वेळी कळतही नाही.