क्लीनिंगने दात हलतात का? वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरं

वय 54. आयुष्यात पहिल्यांदाच दातांचं क्लीनिंग करून घेतलं. त्यानंतर खालचे पुढचे दात हलायला लागले, मध्ये फटी दिसू लागल्या आणि गार पाणी लागतंय. मशीनने दात सैल होतात असं सगळेच सांगतात. पुन्हा करू की नको? – एक वाचक, बार्शी

ही तक्रार इतकी सर्रास येते की तिचं उत्तर जरा सविस्तर देतो.

जेवल्यानंतर दातांवर जंतूंचा मऊ, चिकट थर जमतो. तो ब्रशने निघतो. राहिला, तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरून एक ते तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो आणि साधारण दोन आठवड्यांत त्याचं पक्कं किटण होतं. मग ब्रश कितीही घासा, ते हलत नाही. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, म्हणून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला किटण सर्वांत जास्त. दुसरी जागा वरच्या दाढांची गालाकडची बाजू, कारण तिथेही एक नळी उघडते.

किटणाचा पृष्ठभाग खरबरीत असतो. त्यावर नवे जंतू बसतात, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि खाली हाड झिजायला लागतं. हे वर्षानुवर्षं चालतं, बहुतेक वेळा न दुखता. तुमच्या दातांचं हाड आधीच कमी झालं होतं. शेजारशेजारच्या दातांवर चढलेलं किटण त्यांना एकमेकांशी जखडून उभं ठेवत होतं. ते काढल्यावर दात किती हलतो ते पहिल्यांदा कळलं. फटीही तिथेच होत्या, फक्त बुजलेल्या होत्या. शिवाय सूज उतरल्यावर हिरडी थोडी खाली बसते. उघड्या पडलेल्या मुळाला गार लागणारच.

मशीनचं म्हणाल, तर तिचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि किटण फोडतं. पाण्याची धार टोक गार ठेवण्यासाठी असते. टोकाची कड दाताला आडवी टेकवली तर इनॅमलला, म्हणजे दातावरच्या कडक आवरणाला, धोका नाही. टोक उभं धरून दाबलं तर मात्र ओरखडे पडू शकतात, तो हाताचा दोष.

आता काय करायचं? पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट दोन वेळा वापरा, फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका. शिवशिवणं बहुधा एक-दोन आठवड्यांत कमी होतं. आणि पुन्हा जाऊन विचारा, ‘पॉकेट किती मिलिमीटर आहे?’ पॉकेट म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली फट. खुणा असलेली बारीक सळी हिरडीच्या कडेने घालून तिची खोली मोजतात. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 5-6 असेल तर वरवरचं क्लीनिंग पुरत नाही. एक्स-रे काढून, भूल देऊन, एका वेळी तोंडाची एक बाजू अशी मुळापर्यंतची सफाई करावी लागते आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावं लागतं. सूज गेल्यावर हलणं बऱ्याचदा कमी होतं. गेलेलं हाड मात्र साध्या क्लीनिंगने परत येत नाही. म्हणून पुन्हा करा, आणि या वेळी वीस वर्षं थांबू नका.

काहीच दुखत नाही, तरी दर सहा महिन्यांनी जायलाच हवं का? – एक वाचक, डोंबिवली

सहा महिने ही पडलेली प्रथा आहे, सगळ्यांना लागू होणारा नियम नव्हे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2004 मध्येच सांगितलं की मोठ्या माणसांत हे अंतर 3 महिन्यांपासून 24 महिन्यांपर्यंत असू शकतं, 18 वर्षांखालच्यांत जास्तीत जास्त 12 महिने. तंबाखू, मधुमेह, खोल पॉकेट, लाळ कमी करणारी औषधं, दातांना तारा असतील तर तीन-चार महिने. कीड नाही, ब्रश केल्यावर रक्त नाही, किटण नगण्य, तर वर्षाने गेलात तरी चालेल. दोन वर्षांपुढे नको.

न दुखण्यावर विसंबू नका. कीड इनॅमलमध्ये असेपर्यंत कळत नाही. ठणका लागतो तेव्हा ती बहुधा नसेपर्यंत पोचलेली असते, आणि जिथे एका बैठकीत सिमेंट भरून भागलं असतं तिथे रूट कॅनल आणि कॅप लागते.

गेल्यावर एक पाहा: हत्यारांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात का. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. विचारायला संकोच नको.

सासूबाई रोज मशेरी लावतात. त्यांच्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही, आमच्या येतं. म्हणून त्या तपासणीला तयार नाहीत. – एक वाचक, चिपळूण

रक्त येत नाही याचं कारण हिरड्या निरोगी असणं हे नव्हे. मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून हाड झिजत असलं तरी रक्ताची धोक्याची खूण दिसत नाही. बोटाने जिथे रोज घासतात तिथली हिरडी खाली सरकते.

त्यांच्या तपासणीत किटण दुय्यम आहे. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, ओठामागची जागा पाहून घ्या: पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम. सुपारीही खात असतील तर स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात मावतात का ते बघायला सांगा. मावत नसतील तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि मशेरी ‘दात घासण्यापुरती’ असते हा समज घरातल्या बायकांनीच मोडायला हवा. ती व्यसनच आहे, तंबाखूमुक्ती केंद्रात तिच्यासाठीही मदत मिळते.

वडील 67 वर्षांचे, मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातला. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. क्लीनिंगआधी गोळ्या बंद करायच्या का? – एक वाचक, नाशिक

नाही. स्वतःच्या मनाने एकही दिवस नाही. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका हिरडीतून थोडं जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा. ते रक्त गॉज दाबून धरलं की थांबतं. गोळ्यांची यादी मात्र आधी दाखवा. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन असतं तर आदल्या दिवशीची आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं ते पाहणारी तपासणी लागली असती. हृदयात कृत्रिम झडप असणाऱ्यांना क्लीनिंगच्या तासभर आधी अँटिबायोटिक देतात. नुसत्या स्टेंटला ते लागत नाही.

वेळ सकाळची घ्या, नाश्ता आणि नेहमीचं औषध घेऊन. उपाशी नेऊ नका, साखर उतरू शकते. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर चढती ठेवते. हिरड्यांचे नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा) साधारण 0.4 टक्क्यांनी उतरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. औषध बदलण्याइतकं नाही, पण फुकट घालवण्यासारखंही नाही.

मुलगी 14 वर्षांची. दातांवर तपकिरी डाग, दोनदा क्लीनिंग करूनही गेले नाहीत. – एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

जाणारच नाहीत. चहाचे, पानाचे डाग दातावर बसतात, ते पॉलिशिंगने निघतात. हे डाग बहुधा फ्लोरोसिसचे, म्हणजे इनॅमलच्या आतले. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात हाडात तयार होत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत, असं पाणी पोटात गेलं की डाग पडतात. तिसऱ्यांदा क्लीनिंगवर पैसे घालवू नका. डाग इनॅमलच्या वरच्या थरातच असतील तर मायक्रोअ‍ॅब्रेजन, म्हणजे तो पातळ थर घासून काढणं, करतात. खोल असतील तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, बसवतात.

घरात धाकटं भावंड असेल तर पाणी तपासून घ्या. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तर त्याच्या पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरं पाणी वापरा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं.

पाचवा महिना आहे, ब्रश करताना रक्त येतं. क्लीनिंग बाळंतपणानंतर करू? – एक वाचक, पणजी

आत्ताच करा, चौथा ते सहावा महिना यासाठी सगळ्यांत सोयीचा. संप्रेरकांमुळे हिरड्या थोड्याशा किटणानेही सुजतात. गरोदर आहात हे आधी सांगा आणि खुर्चीत पाठीवर सपाट झोपण्याऐवजी थोडं डाव्या कुशीवर कला. खर्चाची अडचण असेल तर बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय जवळ आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा खूप कमी पैसे लागतात, वेळ मात्र काढून जावं लागतं.