एन्झाइम वाढलंय, पण कुठलं आणि कशामुळे?

प्रश्न: नेहमीच्या तपासणीत एसजीपीटी ६८ आलं. त्रास काहीच नाही. लिव्हर खराब झालंय का?

उत्तर: एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. हे एन्झाइम यकृताच्या पेशींच्या आत असतं; पेशींना इजा झाली की रक्तात उतरतं. इजा कशाने झाली, ते आकड्यावरून कळत नाही. बहुतेक वेळा फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, निघतं. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, चालू औषधं हीही कारणं असतात. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या गोळ्यांचं नाव तर रुग्ण काढतच नाहीत, तेही डॉक्टरांना सांगा. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. तेव्हाही वाढलेलंच असेल, तर कारण शोधायलाच हवं.

प्रश्न: वय ३१. नुकतीच जिम सुरू केली. एसजीओटी ११०, एसजीपीटी ६२. मी दारूला शिवतही नाही, तरी डॉक्टर तेच विचारत होते!

उत्तर: रागावू नका. एसजीओटी हेही पेशींच्या आतलंच एन्झाइम. दारूमुळे यकृताला सूज आली की ते बऱ्याचदा एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास किंवा वर जातं, म्हणून विचारलं. पण एसजीओटी स्नायूंतही भरपूर असतं, आणि सवय नसताना वजनं उचलली की तिथूनही वाढतं. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमची तपासणी, करून घ्या. जोरकस व्यायामानंतर ते हजारांत गेलेलं दिसतं आणि उतरायला आठवडाभरही लागतो. सोबत जीजीटी या यकृताच्या आणखी एका एन्झाइमची तपासणी करा. ते स्नायूंतून येत नाही, त्यामुळे ते नॉर्मल असेल तर यकृतावरचा संशय बराच कमी होतो. आठवडाभर जिमला सुट्टी द्या, मग पुन्हा रक्त द्या. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेत असाल तर तेही सांगा, त्यानेही स्नायूंना इजा होऊ शकते. मात्र अंग प्रचंड दुखतंय आणि लघवी चहासारखी गडद होतेय, असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्नायू मोडून किडनीवर ताण येत असू शकतो.

प्रश्न: १३ वर्षांच्या मुलाचं अल्कलाइन फॉस्फटेज ३८०, रिपोर्टवर लाल खूण.

उत्तर: हे एन्झाइम यकृतातून येतं, तसंच हाडांतूनही. उंची भराभर वाढतेय ना? मग हे हाडांतून आलंय. लॅब पुष्कळदा मोठ्यांची मर्यादा छापते, वाढत्या वयात ती लागू नाही. बाकी रिपोर्ट ठीक असतील तर काळजी सोडा.

प्रश्न: सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, पण एन्झाइम्स नॉर्मल. म्हणजे सुटलो?

उत्तर: नाही. सिरॉसिसमध्येही, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालेलं असतानाही, एन्झाइम्स नॉर्मल असू शकतात. यकृत काम कसं करतंय, ते अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), बिलिरुबिन (कावीळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) यांवरून कळतं. प्लेटलेट कमी असतील किंवा मधुमेह असेल, तर यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनबद्दल विचारा. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवा. यकृताची सूज त्याने खरोखर कमी होते.