दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलताना सोबत आणखी काय बदलावं?

बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि बेल्टला वाट देणारी आयडलर पुली तर बदलाच. वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरत असेल तर तोही. मजुरीचा मोठा भाग बेल्टपर्यंत पोचण्यातच जातो; पुढे पंप गळायला लागला तर तीच खोलाखोली पुन्हा, वर कूलंटने भिजलेला नवा बेल्टही बाद. कॅम आणि क्रँक (या बेल्टने जोडलेले इंजिनातले दोन दांडे) यांचे तेल अडवणारे ऑइल सील ओलसर दिसले तर तेही आत्ताच उरका. जुना बेल्ट धडधाकट दिसतो म्हणून थांबू नका, रबर वयानेही थकतं. पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिली असतील तर आधी येईल ते धरा. इंटरफिअरन्स इंजिनात (ज्यात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात) बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, मग बहुतेकदा हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावा लागतो. बसवून झाल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा जुळतात का, हे मेकॅनिकला तुमच्यासमोर तपासायला सांगा.