परदेशी गेलात, पण बँकेला सांगितलंत का?

प्रश्न : नमस्कार. मी आणि माझा नवरा आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून म्युनिकला आलो, दोघेही आयटीत आहोत. निघताना इतकी धावपळ झाली की बँकेचं काहीच केलं नाही. माझं पुण्यात सॅलरी अकाऊंट आहे, त्यात आता वाकडच्या फ्लॅटचं भाडं येतं आणि त्यातूनच होम लोनचा हप्ता जातो. सांगलीत बाबांबरोबर एक जॉइंट खातं आहे, त्यात पहिलं नाव बाबांचं. शिवाय दोन क्रेडिट कार्डं. इथल्या मराठी मंडळींपैकी निम्मे म्हणतात सगळं बंद करून टाक, बाकीचे म्हणतात कोणी विचारत नाही, गप्प बस, बँकेला कळवलंस की कटकट सुरू. माझा सिम सांगलीला आईकडे आहे, ओटीपी आला की ती फोन करून सांगते. काय करू? – एक वाचक, म्युनिक

उत्तर : ताई, बंदही करू नका आणि गप्पही बसू नका. बँकेला कळवा, आणि याच महिन्यात कळवा.

कारण असं आहे की नोकरीसाठी देश सोडलात त्या दिवसापासून फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या नजरेत तुम्ही अनिवासी झालात. लोक १८२ दिवसांचा हिशोब धरून बसतात, पण तो मुख्यतः इन्कम टॅक्सचा, फेमात तुम्ही कशासाठी गेलात ते बघतात. अनिवासी माणसाला साधं रेसिडेंट सेव्हिंग खातं स्वतःच्या नावावर चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. न केल्यास दंडाची तरतूद आहे, गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत. प्रत्येकाला नोटीस येते असं नाही, पण उद्या फ्लॅट विकून पैसे जर्मनीला न्यायचे ठरवलेत की बँक आणि सीए दोघेही आधी हेच विचारणार, खात्याचं स्टेटस काय, आणि तेव्हा व्यवहार अर्ध्यावर अडकतो. ‘कोणी विचारत नाही’ म्हणणारी मंडळी त्या दिवशी तुमच्या मदतीला येणार नाहीत.

एनआरओ करणं म्हणजे खातं मोडणं नाही. बँकेचा फॉर्म, पासपोर्ट, व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट, तिकडच्या पत्त्याचा पुरावा, पॅन. बऱ्याच बँका कागद कुरिअरने घेतात, फक्त कॉपी अटेस्ट करून मागतात. भाडं याच एनआरओत येऊ द्या, हप्ताही यातूनच जाऊ द्या. मात्र भाडेकरूला सांगा की आता घरमालक अनिवासी आहे, म्हणजे भाडं कितीही असलं तरी त्याने टीडीएस कापून भरायचा असतो. हे बहुतेक भाडेकरूंना माहीतच नसतं आणि मग दोघांनाही त्रास.

एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के टीडीएस कापते, वर सेस. जर्मनीबरोबरच्या टॅक्सच्या करारात व्याजावर १० टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे तिकडच्या टॅक्स ऑफिसकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट घेऊन दरवर्षी बँकेला दिलंत तर बराच फरक पडतो. शिल्लक चार-पाच हजार असेल तर मात्र या खटाटोपात पडू नका.

जोडीला एक एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीचं खातं उघडा, युरोतली कमाई भारतात पाठवायची असेल तर ती इथे. हे पैसे कधीही मोकळेपणाने परत नेता येतात आणि व्याजावर भारतात टॅक्स नाही. जर्मनीत मात्र तुमचं जगभरचं उत्पन्न धरतात, त्यामुळे ते तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, भारतात माफ म्हणजे सगळीकडे माफ असं समजू नका. एनआरओतले पैसे बाहेर न्यायला वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे आणि टॅक्स भरल्याचे सीएचे कागद लागतात. म्हणून दोन्ही पैसे पहिल्यापासून वेगळे ठेवा, भाडं आणि पगार एकाच खात्यात मिसळलात की नंतर वेगळे करता करता नाकी नऊ येतात.

सांगलीच्या खात्यात पहिलं नाव बाबांचं आहे हे चांगलं झालं. निवासी माणूस आपल्या खात्यात जवळच्या अनिवासी नातेवाइकाचं नाव जॉइंट ठेवू शकतो, पण अट अशी की पैसे बाबांचे आणि व्यवहारही बाबांसाठीच. बँकेला फक्त कळवा की जॉइंट होल्डर आता एनआरआय आहे. तुमचा पगार किंवा भाडं त्यात टाकू नका.

आता सिमबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. आई ड्रॉवरमधला जुना हँडसेट काढणार, चष्मा शोधणार, सहा आकडे वाचून दाखवणार, तोवर ओटीपीची वेळ संपलेली, आणि दुसरीकडे आपणच तिला सांगतो की ओटीपी कोणालाही सांगू नको. एकदा ही सवय लागली की ‘मी मुलीच्या बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या भामट्यालाही ती तितक्याच मायेने आकडे वाचून दाखवेल. सिम स्वतःजवळ ठेवा, रोमिंग चालू करून, दुसऱ्या स्लॉटमध्ये. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. रिचार्ज मात्र चुकवू नका, ९० दिवस वापर नसला तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो, म्हणजे तुमच्या खात्याचे मेसेज एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर. एनआरआय खात्याला जर्मन नंबर लावून देणाऱ्या बँका आहेत, तुमची देत असेल तर जरूर लावा, तरी आधारच्या ओटीपीसाठी भारतीय नंबर जिवंत ठेवाच. यूपीआयचं म्हणाल तर २०२३ मध्ये परदेशी नंबरवर ते सुरू झालं तेव्हा दहा देश होते, त्यात जर्मनी नव्हता, म्हणून तुम्हाला सध्या भारतीय नंबरवरचंच यूपीआय धरून चाला.

क्रेडिट कार्डांपैकी एक ठेवा, जे जुनं आहे आणि ज्याला वार्षिक फी नाही ते. जर्मनीत तुमचा सिबिल स्कोअर कोणी बघत नाही, तिथे शुफाची (म्हणजे तिथल्या सिबिलची) नोंद शून्यापासून सुरू होते, पण उद्या परत आलात किंवा भारतात आणखी कर्ज हवं झालं तर जुन्या कार्डाचा स्वच्छ इतिहास उपयोगी पडतो. एनआरओतून पूर्ण बिलाचा ऑटो डेबिट लावा आणि आईवडिलांचं वीजबिल किंवा औषधं अधूनमधून त्यावर घ्या, कारण वर्षभर कार्ड वापरलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक तुम्हाला कळवून ते बंद करू शकते, आणि तो मेसेज गेला पुण्याच्या जुन्या पत्त्यावर तर तुम्हाला पत्ताच लागणार नाही. युरोपात हे कार्ड घासू नका, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचा जादा आकार) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, विनाकारण जातात. दुसरं कार्ड लेखी कळवून बंद करा. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. बंद झाल्याचा मेल जपून ठेवा.

प्रश्न : मुलगा सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला एमएससीला जातोय. शिकायला जाणाऱ्यालाही एनआरओ लागतं का? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : हो, रिझर्व्ह बँक शिकायला गेलेल्यांनाही अनिवासीच धरते. जायच्या आधी ब्रँचमध्ये दोघे एकत्र जा, फॉर्म, सही आणि नॉमिनी सगळं समोरासमोर उरकतं, नंतर एका सहीसाठी महिना जातो. त्याच्या नावावर पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू राहील, पुढे वाढवता येणार नाही. फी आणि राहण्याचा खर्च तुम्ही तुमच्या खात्यातून एलआरएसखाली, म्हणजे निवासी माणसाला परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, थेट पाठवा, त्याच्या इथल्या खात्यात टाकून फिरवू नका. खातं सहकारी बँकेत असेल तर एनआरओची सोय आहे का ते आजच विचारा, प्रत्येक सहकारी बँकेत ती नसते.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक. माझ्या सगळ्या एफडीत दुसरं नाव न्यू जर्सीतल्या मुलाचं आहे. पैसे माझे, त्याला काही त्रास होईल का? – एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : सर, त्याला तिकडे कळवावं लागेल. अमेरिकेत राहणाऱ्याची बाहेरच्या देशातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांच्या माहितीचा फॉर्म, भरावा लागतो, आणि जॉइंट खात्याची पूर्ण रक्कम त्यात धरतात, पैसे कोणाचे हे तिथे बघत नाहीत. यात टॅक्स नसतो, नुसती माहिती द्यायची, पण न दिल्यास दंड मोठा आहे. आज रात्री त्याच्याशी बोला आणि एफडीची यादी पाठवा, प्रत्येकीची वर्षातली सर्वात जास्त रक्कम लिहून. दुसरं नाव फक्त तुमच्या पश्चात पैसे मिळावेत म्हणून घातलं असेल तर नॉमिनी पुरेसा आहे, नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात आणि नुसत्या नॉमिनीला एफबार नाही. पण आजारपणात त्यानेच तुमचे व्यवहार बघावेत अशी इच्छा असेल तर एका खात्यात त्याचं नाव राहू द्या आणि बाकीच्या एफडी मुदत संपेल तशा बदलून घ्या, आत्ता मोडायला जाऊ नका, व्याज कापलं जाईल.